उपाशी जुळा

पार्श्व मगदूमचा जुळा भाऊ जन्माला आला तेव्हा पार्श्व सतरा वर्षांचा होता. जुळ्यांमध्ये इतकं अंतर सहसा नसतं. पण हा जुळा संगणकात जन्मला होता आणि त्याचं बाळंतपण शासनाच्या तीन खात्यांनी मिळून केलं होतं, त्यामुळे थोडा उशीर झाला.

जन्मल्यापासून चौथ्या दिवशी जुळा बोलायला लागला, आणि बोलला तो थेट निकालच. आडमाळच्या निवासी बेसबॉल प्रबोधिनीत जेवणघराच्या दारावर एक पडदा होता. एरवी त्यावर आज भाजी कुठली ते यायचं. त्या सकाळी चोवीस मुलांची नावं आली आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द.

मगदूम पार्श्व भरत : एकेरी.

पार्श्वने तीनदा वाचलं. मग नजर वर सरकली.

बंडगर बिरदेव म्हाकू : दुहेरी.

"उलटं छापलंय," बिरदेव त्याच्या खांद्यावरून म्हणाला. "थांब मर्दा, कारकुनाला सांगू. नावं इकडची तिकडं झाल्यात."

नावं इकडची तिकडे झालेली नव्हती.

बेसबॉलमध्ये जो चेंडू फेकतो त्याला पिचर म्हणतात. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा असतो, त्यावर उभं राहून तो एका सामन्यात शंभरेक वेळा जीव खाऊन फेकतो आणि मग पाच दिवस हात सांभाळत बसतो. त्याच्या हातात बॅट सहसा कुणी देत नाही. त्याच्या जागी दुसराच कुणीतरी बॅट घेऊन येतो. पण क्वचित एखादा असा निपजतो की आज फेकतो आणि उद्या चेंडू कुंपणापार धाडतो. प्रबोधिनीत अशाला दुहेरी म्हणत आणि एकच काम करणाऱ्याला एकेरी. परदेशी क्लब अशा पोरासाठी वेडे होतात, कारण एकाच माणसाला झोपायला एकच खाट लागते.

पार्श्वला दुहेरी व्हायचं होतं. फेकणं त्याला चांगलं जमायचं, पण फेकलेला चेंडू आपला राहत नाही. बॅटला चेंडू नीट लागला की त्याचा ठणका तळहातापासून थेट दाढांपर्यंत जातो, आणि मग पळता येतं, लोकांच्यात जाता येतं, कुणाच्या तरी अंगावर पडता येतं. उंचवट्यावर तसं काही नसतं. तिथे माणूस एकटा असतो आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात, म्हणजे एकटं असण्याची सोयसुद्धा नीट मिळत नाही.

बिरदेवला यातलं काहीच व्हायचं नव्हतं. तो कॅचर. पार्श्व जे फेकेल ते समोर उकिडवं बसून झेलायचं, हे त्याचं चार वर्षांचं काम. हात दणकट होता. लहानपणी भरकटलेल्या मेंढराच्या चार हात पुढे दगड टाकून त्याला वळवायचं शिक्षण झालेलं होतं. पण पिचर व्हायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. स्वप्नात त्याला बहुधा जेवण यायचं.

जुळ्यांचं शास्त्र पुण्याहून आलेल्या डॉ. वैदेही सबनीस यांनी मुलांना एका तासात समजावून दिलं होतं. कोपराच्या आतल्या अंगाला दोन हाडांना बांधून ठेवणारी एक चिवट पट्टी असते, करंगळीपेक्षाही अरुंद. जोरात चेंडू फेकताना त्या पट्टीवर एवढा ताण येतो की ती एकटी असती तर तुटलीच असती. ती तुटत नाही, कारण मनगटाकडून आलेले स्नायू त्यातला अर्धाअधिक ताण स्वतःवर घेतात. स्नायू थकले की ओझं पुन्हा पट्टीवर. तिचे बारीक धागे उसवतात, विश्रांती मिळाली तर सांधतात, नाही मिळाली तर एक दिवस फट्‌ असा आवाज येतो आणि पोरगं गावी जाऊन दुकान टाकतं.

"आजवर हे तुटल्यावर कळायचं," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आता आधी कळेल. तुमची हाडं, पट्ट्या, स्नायूंची ताकद, स्नायू किती वेळात थकतात, हे सगळं एका दिवसात मोजून आम्ही तुमचा हुबेहूब देह संगणकात उभा करणार. मग तो देह खेळवणार. वीस वर्षांची कारकीर्द, चाळीस हजार वेळा. एका दुपारात."

"मॅडम, जुळा दमत न्हाई?" बिरदेवने विचारलं होतं.

"दमतो ना. तेच तर मोजायचं आहे."

पार्श्वचा जुळा दमला होता. नुसता फेकत राहिला तर तो अठरा वर्षं टिकत होता. बॅटिंगही करायला लावली की चाळीस हजारांपैकी एकतीस हजार वेळा चौथ्या वर्षाच्या आत त्याचं कोपर जात होतं. बिरदेवचा जुळा मात्र फेकत होता, मारत होता, पळत होता आणि वर ताजातवाना दिसत होता.

खोलीत आल्यावर पार्श्व खाटेवर बसून बोटं मोजायला लागला.

"बिऱ्या, आपली तपासणी कधी झाली?"

"बुधवारी. संध्याकाळी पाचला. का रं?"

"पर्वाचा आठवा दिवस."

बिरदेव दाताने नख तोडत होता, तो थांबला.

पार्श्वचं घर जैनांचं, शिरोळ तालुक्यातलं. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस तो एकासन करायचा: दुपारी एकदा बसायचं, जेवायचं, उठलं की संपलं, नंतर फक्त उकळलेलं पाणी. धर्म त्याला फार कळत होता अशातला भाग नाही. पण ते दहा दिवस घरी सगळे तसंच करत असत, आणि आडमाळच्या माळावर बसून आपणही तेच करतोय म्हटल्यावर त्याला घर थोडं जवळ वाटायचं. प्रबोधिनीत उपासाला सक्त मनाई होती. तपासणीच्या अर्जावर तर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : 'मी गेल्या पंधरा दिवसांत उपास केलेला नाही.' खाली पार्श्वची सही होती, सुवाच्य.

पकडला न जाण्याचं कारण बिरदेव. जेवणघरातल्या प्रत्येक ताटाखाली वजनकाटा होता. मुलाच्या बोटातली अंगठी ओळखून त्याने किती खाल्लं ते ताट नोंदवून ठेवायचं. ताट कुणी लावलं हे ताटाला कळायचं. त्यातलं कुणी खाल्लं, हे विचारणं ताटाच्या कामात बसत नव्हतं. तेव्हा पार्श्व रोज रात्रीचं ताट लावायचा आणि शेजारी बसलेला बिरदेव आधी आपलं, मग त्याचं, अशी दोन्ही ताटं चाटूनपुसून मोकळी करायचा. मैत्रीसाठी इतका त्याग बिरदेवने पूर्वी कधी केला नव्हता.

"म्हंजे माझा जुळा..." बिरदेव सावकाश म्हणाला.

"दोन माणसांचं जेवलेला आहे."

"आन तुझा?"

"उपाशी."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले की खाटेचा एक पाय सरकला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर बुक्की मारली. बिरदेव आधी थांबला.

"सांगणार न्हाईस न्हवं?"

पार्श्वने डोळे पुसले. "सांगितलं तर मी घरी. खोट्या सहीबद्दल."

"तुझं सोड. माझं बघ." बिरदेव खाटेच्या कडेला आला. "माझा बा मेंढरं घेऊन फिरतोय. दिवाळी झाली की कोकणात उतरतोय. मला साळंत घालताना मास्तरनं पत्ता इचारला, तर बा म्हणाला, आज इथं हाय, परवाचं सांगता येत न्हाई. समदा वर्ग हसला. आता जपानचा क्लब दुहेरी पोराला घर देतोय म्हनं. दारावर नाव. मला झेलायला कोण घर देणार हाय, भावा?"

"पण तुझं कोपर तेवढं नाहीये, बिऱ्या. आकडा खोटा आहे."

"कोपर माझं हाय न्हवं? मी बघतो."

पार्श्व गप्प बसला. त्या गप्प बसण्यालाच पुढे वचन म्हणायचं ठरलं.

आठवड्याभरात एकेरी मुलांना पश्चिमेच्या इमारतीत हलवलं. त्यांना दुहेरींशी बोलायला बंदी होती असं नाही; फक्त वेळापत्रकं अशी आखली होती की बोलायला कुणी समोर येऊ नये. एकेरी उठायचे तेव्हा दुहेरी मैदानावर असायचे. दुहेरी जेवायचे तेव्हा एकेरींचा हात बर्फात असायचा. पाच दिवसांतून एकदा पार्श्व फेकायचा, तेही जाळीत. जाळी चेंडू चांगला झेलायची. 'हात्तिच्या, एवढंच व्हय?' असं मात्र बिरदेवसारखं म्हणायची नाही.

त्याचा जुळा मात्र मजेत होता. संगणकाला सगळ्या जुळ्या पिचरांसाठी एकच कॅचर हवा होता आणि उत्तम कॅचर म्हणून त्याने बिरदेवच्याच जुळ्याला निवडलं होतं. त्यामुळे इकडे दोघांना एकमेकांची तोंडं महिनोन्‌महिने दिसत नव्हती आणि तिकडे त्यांचे जुळे रोज हजारो डाव एकत्र खेळत होते. पार्श्व कधीकधी अभ्यासिकेतल्या पडद्यावर त्यांना बघत बसे. उपाशी जुळा फेकायचा, जेवलेला जुळा झेलायचा. दोघं बोलत नसत. बोलण्याची सोय बसवायला पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद होती.

रविवारी घरून फोन यायचा. त्याचे वडील, अण्णा, गावच्या दूध संस्थेचे सचिव. जुळ्यांचे सामने पालकांना बघायला मिळायचे, आणि अण्णांनी ते संस्थेतल्या टीव्हीवर लावायला सुरुवात केली होती. गावाला दूध घालायला उशीर झाला तरी चालायला लागलं.

"काल काय फेकलास रे! चौदा जणांना घालवलंस!"

"अण्णा, काल मी जाळीत तीस चेंडू फेकले."

"ते नव्हे. नऊ वर्षांनंतरचा सामना. समदी उभी राहिली बघ टाळ्या वाजवायला. चेअरमन म्हणाले, पोरानं तालुक्याचं नाव काढलं."

"मी अजून काही केलं नाही, अण्णा."

"करणारच आहेस की. दिसलंच आम्हाला." मागून आईचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. "आई म्हणते, टीव्हीवर तू वाळलेला दिसतोस. म्हणते, हा पर्वातला पार्श्व वाटतोय. मी म्हटलं, गप, यंत्र आहे ते."

तीन खाती, जुळे बनवणाऱ्या दोन परदेशी कंपन्या आणि चाळीस हजार कारकीर्दी यांच्यातून जे निसटलं होतं, ते आईने दूध संस्थेच्या टीव्हीवर ओळखलं होतं. पार्श्वला एकदम तिच्याशी बोलावंसं वाटलं. पण फोन अण्णांकडे होता आणि अण्णांना पुढचा सामना लावायचा होता.

डिसेंबरात सगळ्यांची एकत्र सभा झाली. पार्श्वला बिरदेव लांबून दिसला. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने बुटाची नाडी बांधायला घेतली होती. ती काही बांधली जात नव्हती.

सभा सुटल्यावर पार्श्वने त्याला नळापाशी गाठलं.

"करंगळीला मुंग्या येतात? कोपरामुळे?"

"झोपताना हात अंगाखाली आला."

"रोज?"

"तू एकेरी हायस न्हवं? एकाच कोपराचं बघ. तुझ्या." बिरदेव हसला, पण पाण्याची बाटली त्याने डाव्याच हाताने उचलली.

पार्श्व त्या आठवड्यात नीट झोपला नाही. सांगितलं तर बिरदेवचं घर जातं. नाही सांगितलं तर बिरदेवचं कोपर. सोमवारी सकाळी तो डॉ. सबनीसांच्या दारात उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला : एकासन, सही, दोन ताटं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी ताटांच्या नोंदी काढल्या. नोंदींप्रमाणे पार्श्व रोज रात्री पोटभर जेवला होता. एके दिवशी त्याने शिरा दुसऱ्यांदा घेतला होता.

"तो बिरदेवने खाल्ला, मॅडम."

बिरदेवला बोलावलं. तो आला, पाय जुळवून उभा राहिला आणि पार्श्वकडे न बघता म्हणाला, "मी माझंच जेवलो. दुसऱ्याच्या ताटात हात घालायची आमच्यात पद्धत न्हाई."

"मग हा असं का सांगतोय?"

"ह्याला दुहेरी व्हायचं होतं, मॅडम."

तो गेल्यावर डॉक्टरांनी पार्श्वच्या हाताची ताकद मोजली आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. "एक गोष्ट खरी आहे. तुझे आत्ताचे स्नायू जुळ्यापेक्षा अकरा टक्के सरस आहेत. तफावत आहे. मी समितीपुढे ठेवते."

समितीने दोन बैठका घेतल्या. तफावत दूर करायचे दोन मार्ग होते. जुळा बदलायचा, तर त्या दोन्ही परदेशी कंपन्यांची परवानगी लागणार. शिवाय क्लबांशी झालेली बोलणी सगळी जुळा दाखवून झालेली. दुसरा मार्ग सोपा होता. पंधरवड्याने पार्श्वच्या हातात आदेश आला : खेळाडूचा देह मंजूर प्रतिकृतीशी विसंगत आढळल्याने, सुसंगती येईपर्यंत त्याचा रात्रीचा आहार बंद करण्यात येत आहे.

आईला फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली, "सरकारी खर्चानं पुण्य लागतंय बघ तुला." मग तिचा आवाज बारीक झाला. "घरी येतोस काय रे?"

तो नाही म्हणाला. का म्हणाला, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या सोमवारपासून बिरदेव त्याच्याशी बोलेनासा झाला होता. आणि बिरदेव सगळ्यांचा आवडता असल्यामुळे बाकीचेही बोलेनासे झाले. मित्राच्या ताटावर जळणारा पोरगा म्हणून पार्श्वची ओळख झाली. सरावात चेंडू मिळायचे, जेवताना मीठ मिळायचं, पण त्याच्यासोबत शब्द यायचा नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो मैदानाच्या कडेने चकरा मारायचा. तीन महिने असे गेले. सुसंगती हळूहळू येत होती.

मार्चमध्ये जपानी क्लबची दोन माणसं आली. त्यांच्यासाठी एकेरी विरुद्ध दुहेरी असा सामना ठेवला होता. पाहुणे मांडवात बसले आणि हातातल्या पडद्यांवर जुळे बघू लागले. समोरच्या मैदानाकडे ते अधूनमधून बघत, जेवताना खिडकीबाहेर बघावं तसं.

दुहेरींकडून बिरदेव फेकत होता, एकेरींकडून पार्श्व. पहिले तीन डाव त्याने चांगले काढले. चौथ्या डावापासून पार्श्वला दिसायला लागलं. चार वर्षं ज्याच्याकडे बघून आपण फेकतो त्याचं अंग आपल्याला पाठ असतं. बिरदेव प्रत्येक चेंडूनंतर बोटं झटकत होता, जणू पाणी लागलंय. कोपर खांद्याच्या खाली येत होतं. पंचाहत्तरावा चेंडू झाला. जुळ्याच्या हिशेबाने तो एकशे दहापर्यंत फेकू शकत होता, म्हणून कुणी त्याला थांबवत नव्हतं.

एकेरींचे दोन गडी बाद झाले. तेवढ्यात त्यांच्या पिचरच्या जागी बॅट धरणाऱ्या यशोधन खोतचा पाय मैदानात धावत येताना मुरगळला. बाकावर दुसरा बदली गडी उरला नव्हता. नियम सरळ होता : बदली नसेल तर पिचरने स्वतः यायचं.

प्रशिक्षक घोरपडे सर पार्श्वजवळ आले. सहा महिन्यांत ते पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघत होते, पण बोलले ते बॅटशीच, ती हातात फिरवत.

"पाहुणे बसलेत. एक सणसणीत बसू दे. मग त्या सबनीसबाईंना मी माझ्या सहीनं पत्र देतो. तपासणी पुन्हा. काय?"

पार्श्वने बॅट घेतली. सहा महिन्यांनी हातात आलेली. मूठ आपसूक बसली. बिरदेव उंचवट्यावरून त्याच्याकडे बघत होता आणि पार्श्वला ठाऊक होतं की हा काय फेकणार. या थकव्याला सरळ वेगाचा, आतल्या अंगाला. डोळे मिटूनही मारता आला असता. तो कुंपणापार गेला की पत्र, तपासणी, दुहेरी.

आणि बिरदेवला पुढच्या गड्याला फेकावं लागलं असतं. मग त्याच्या पुढच्याला. हा तिसरा गडी बाद झाला तरच डाव संपणार आणि बिरदेव खाली बसणार. तीनदा बॅट फिरवून तीनदा चुकलं की गडी बाद. हिशेब लहानच होता.

पहिला चेंडू आला. सरळ, आतल्या अंगाला. पार्श्वने बॅट फिरवली, चेंडू निघून गेल्यावर. बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसरा जरा वर आला. पार्श्वने तो मारला, म्हणजे चेंडू होता त्याच्या हातभर खालून हवा मारली. घोरपडे सरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बिरदेवने चेंडू परत घेतला आणि तो हलेना. पार्श्वची बॅट त्यालाही पाठ होती. झोपेतून उठवलं तरी हा पोरगा असा चुकणार नाही, हे त्याच्याइतकं त्या मैदानावर कुणाला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. कुणी आपल्याला भीक घालतंय म्हटल्यावर होतो तसा.

त्याने हात मागे नेला आणि चेंडू सोडला. फेकला नाही, सोडला. अंगणात लहान भावंडाला टाकावा तसा मऊ, मधोमध, छातीच्या उंचीवर. मार म्हणत. तो चेंडू यायला इतका वेळ लागला की मांडवातल्या एका पाहुण्याने पडद्यावरून मान वर केली.

पार्श्वला त्या चेंडूवरचे लाल टाके एकेक करून दिसले. हात शिवशिवले. त्याने पूर्ण ताकदीनिशी बॅट फिरवली आणि त्याच्या चांगली वीतभर वरून नेली. स्वतःभोवती एक गिरकी घेऊन तो गुडघ्यावर बसला.

गडी बाद. डाव संपला. मांडवात डॉ. सबनीसांच्या सहायकाने समाधानाने नोंद केली : प्रत्यक्ष कामगिरी प्रतिकृतीशी पूर्णतः सुसंगत.

बिरदेव उंचवट्यावरून उतरला. आपल्या बाकाकडे न जाता तो थेट मांडवात गेला आणि डॉक्टरांसमोरच्या टेबलावर त्याने उजवा हात ठेवला, बाजारात वस्तू परत करायला आणावी तसा.

"मॅडम, दुखतंय."

डॉक्टरांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. "जुळ्याला तर काही..."

"त्याला दुखत नसंल तर त्याला खेळवा. मी बसतो."

आवाज मैदानभर गेला. पाहुण्यांनी दुभाष्याला काय झालं म्हणून विचारलं आणि दुभाष्या कधी नव्हे ते अडखळला. डॉक्टरांनी बिरदेवचं कोपर दोन्ही हातांत धरलं, आतल्या अंगाला अंगठ्याने हळू दाबलं. बिरदेवच्या तोंडून जे निघालं ते दुभाष्याने भाषांतरित केलं नाही. मग डॉक्टरांनी स्वतः बर्फ मागवला. घोरपडे सरांना त्या हळू आवाजात म्हणाल्या ते जवळच्यांनी ऐकलं : "तुटलं नाहीये. वर्षभर काही फेकायचं नाही." वर्षभराने त्याला दुहेरीत कोण ठेवणार, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

पुढचा डाव एकेरींनी फेकायचा होता. पार्श्वने बॅट ठेवली आणि मैदानाच्या मधोमध चालत गेला. घोरपडे सर त्याच्याकडे पाठ करून उभे होते. पत्राचा विषय संपला होता. समोर उकिडवा बसलेला कॅचर नवा होता, निपाणीचा, नाव अजून नीट माहीत नसलेला. बाकांवरचे चेहरे नेहमीप्रमाणे त्याच्यावरून पलीकडे बघत होते. ऊन होतं. उंचवट्यावरची माती बिरदेवच्या बुटांनी उकरलेली होती, ती पार्श्वने पायाने सारखी करायला घेतली आणि नको वाटून तशीच सोडली.

तो हात मागे नेणार तेवढ्यात मांडवातून, कोपराला बर्फाची पिशवी बांधलेल्या माणसाचा, सबंध माळाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"ए मगदूम! आरं बॅट हाय ती, फुंकणी न्हवं! धरायला तरी शीक की, लेका!"

सगळं मैदान खो खो हसलं. जपानी पाहुणेही हसले, का ते न कळता. पार्श्वने मान खाली घातली आणि चेंडू बोटांत घट्ट धरून ठेवला. तीन महिन्यांनी त्याच्याशी कुणीतरी बोललं होतं.